किल्ली कोणाकडे? – सामायिक कार्यशाळेच्या दाराविषयी थोडेसे

जर्मनीत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत जे धडे मिळतात, त्यांत दाराचा धडा हमखास असतो. कचरा टाकायला म्हणून घरातल्या चपला घालून खाली जावे, मागे वाऱ्याने दार लागावे आणि किल्ली आत राहावी! इथल्या घरांच्या दारांना बाहेरून बहुधा फिरणारी मूठ नसते. दार ओढले गेले की लॅच बसतो आणि किल्लीशिवाय आत जाता येत नाही. रविवारी रात्री कुलूपवाल्याला बोलावण्याची वेळ आली, तर बिलाचा आकडा पाहून माणूस पुढची दहा वर्षे खिसा चाचपूनच घराबाहेर पडतो. आपल्यापैकी अनेकांनी शेजारच्या आजींकडे किंवा जवळच्या एखाद्या मराठी कुटुंबाकडे एक जादा किल्ली ठेवलेली असते, ती याच धड्यानंतर.

एका घराची एक जादा किल्ली सांभाळणे सोपे असते. ती कोणाकडे आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि घर बदलले की आपण ती आठवणीने परत मागतो. पण एकच जागा पन्नास-साठ माणसांची असेल, त्या जागेत महागडी आणि धोकादायक यंत्रे असतील, दर महिन्याला दोन नवी माणसे येत असतील आणि दोन जात असतील, तर किल्लीचा हिशेब कोणी आणि कसा ठेवायचा? गेली काही वर्षे हे काम मी करतो आहे. त्यातून जे शिकायला मिळाले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कार्यशाळेशी ज्यांचा संबंध नाही, त्यांनाही आपल्या मंडळाच्या सामानाची खोली आठवेलच!

सामायिक कार्यशाळा म्हणजे काय?

मी लुडविग्सहाफेनला राहतो आणि व्यवसायाने रासायनिक उद्योगातला अभियंता आहे. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरचे हे गाव बीएएसएफच्या कारखान्याभोवती वाढले. इथले जुने लोक अजूनही त्या कंपनीला नुसते ‘अनिलीन’ म्हणतात. पूल ओलांडला की पलीकडे मॅनहाइम. दोन्हीकडची माणसे कामाला, शाळेला आणि छंदांना रोज नदी ओलांडत असतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला घरात लेथ किंवा गोल करवत ठेवता येत नाही. म्हणून काही जण एकत्र येतात, एखादी जुनी गोदामाची जागा भाड्याने घेतात, वर्गणी काढून यंत्रे घेतात आणि संस्था नोंदवतात. इथे अशा संस्थेला ‘फेराइन’ म्हणतात आणि ती नोंदवण्यासाठी कायद्याने साधारण सात सभासद लागतात. आमची कार्यशाळा अशीच आहे. साठेक सभासद, एक दार, मागे एक अंगण. आत सुतारकामाची बाके, ड्रिल, लेथ, झाळण्याची टेबले, शिलाई यंत्रे आणि एक त्रिमितीय छपाईयंत्र.

मॅनहाइमला याच जातकुळीची पण अधिक माहीत असलेली एक संस्था आहे, ‘राउमत्साइटलाबोर’, म्हणजे अवकाश-काल-प्रयोगशाळा. अशा जागांना हॅकरस्पेस म्हणतात. हॅकर म्हटले की आपल्याला चोर आठवतो, पण इथे त्या शब्दाचा अर्थ वस्तू उघडून तिचे काम समजून घेणारा माणूस असा आहे. जर्मनीत ही परंपरा जुनी आहे. केऑस कॉम्प्युटर क्लब १९८१ साली स्थापन झाला आणि बर्लिनचा सी-बेस १९९५ साली. दुरुस्ती-कॅफे ही त्याच घराण्यातली सौम्य शाखा. पहिला कॅफे २००९ साली ॲमस्टरडॅमला भरला.

आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकणे हाच तिथल्या शिक्षणाचा पाया ठेवला. पुढे २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. जगभर पसरलेल्या त्या चळवळीतली, एमआयटीबाहेरची ही अगदी पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी एक. त्याही आधी गावातल्या लोहाराचा भाता आणि सुताराचे छप्पर या कार्यशाळाच होत्या. त्यांना कुलपाची फारशी गरज पडली नाही, कारण हत्यारांचा धनी दिवसभर तिथेच बसलेला असे आणि रात्री घर तिथेच असे. सामायिक कार्यशाळेत हत्यारांचा धनी कोणीच नसतो, म्हणजे सगळेच असतात. दाराचा प्रश्न उभा राहतो तो इथे.

लोखंडी किल्लीचा हिशेब

सर्वांत साधा उपाय म्हणजे प्रत्येक सभासदाला एक किल्ली. इथल्या बहुतेक दारांत युरोपीय घडणीचे सिलिंडर असते. दाराच्या कडेचा एक लांब स्क्रू काढला की जुने सिलिंडर बाहेर येते आणि नवे बसते. पाच मिनिटांचे काम. सिलिंडर बाहेरच्या पट्टीपेक्षा तीन मिलिमीटरहून अधिक पुढे येऊ नये एवढी काळजी घ्यायची, नाहीतर चोराला ते पकडीने मोडता येते.

अडचण सिलिंडरची नसते, किल्ल्यांची असते. साठ जणांपैकी एकाची किल्ली हरवली, तर सिलिंडर पाच मिनिटांत बदलते, पण उरलेल्या एकोणसाठ जणांना नवी किल्ली पोचवायला पाच आठवडे लागतात. कोणी सुटीवर भारतात, कोणी आजारी, कोणी पत्रांना उत्तरच देत नाही. शिवाय गावाबाहेर बदली होऊन गेलेल्या माणसाने किल्ली परत दिली, तरी तिची नक्कल निघाली नव्हती याची खात्री कोण देणार? यावर इथे एक उपाय आहे. काही सिलिंडरांबरोबर सुरक्षापत्र मिळते आणि ते दाखवल्याशिवाय कुलूपवाला नक्कल करून देत नाही. उपाय चांगला, पण महाग.

मोठ्या इमारतीत तर एकच किल्ली मुख्य दार, तळघर आणि घर अशी सगळी दारे उघडते. ती हरवली की सगळी मालिकाच बदलण्याची भाषा सुरू होते. आमच्या शेजारच्या हायडेलबर्गमधला असा एक खटला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला होता. घर सोडताना भाडेकरूने एक किल्ली परत दिली नाही. घराच्या व्यवस्थापनाने संपूर्ण कुलूप-मालिका बदलण्याचा खर्च मागितला. ५ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की गैरवापराची भीती आहे म्हणून कुलपे खरोखर बदलली असतील, तरच भरपाई मागता येते. नुसत्या अंदाजपत्रकावर नाही. आपल्यापैकी भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. वैयक्तिक दायित्व-विम्यात हरवलेल्या किल्लीचा समावेश आहे का, हेही एकदा पाहून घ्यावे.

या सगळ्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि या लेखात सांगण्यासारखे मुख्य तेच आहे. दाराची व्यवस्था चांगली की वाईट, हे ती लोकांना आत कशी घेते यावरून ठरत नाही. दिलेला प्रवेश ती किती सहज परत घेऊ शकते यावरून ठरते. परत घेणे महाग आणि कटकटीचे असेल, तर माणसे किल्ली द्यायलाच कचरतात. मग किल्ली मिळते ती जुन्या, ओळखीच्या, पदाधिकाऱ्यांच्या मित्रांना. नवा आलेला, भाषा अडखळत बोलणारा, सहा महिन्यांच्या कंत्राटावर असलेला माणूस दाराबाहेर राहतो. तो माणूस आपल्यापैकीच एक असतो, हे या वाचकांना सांगायला नको.

अंकांचे कुलूप

दुसरा उपाय अंकांचा. दाराशेजारी दहा बटणांची पट्टी लावायची आणि सर्वांना एकच आकडा सांगायचा. हे स्वस्त आहे, पण सर्वांना ठाऊक असलेला आकडा थोड्याच दिवसांत कोणालाही ठाऊक होतो. बटणेही चुगली करतात. चार अंकांचे दहा हजार आकडे होतात खरे, पण झिजलेली चार बटणे नजरेस पडली, की उरतात फक्त चोवीस शक्यता!

त्यापेक्षा प्रत्येकाला वेगळा आकडा दिलेला बरा. एखादा सभासद गेला की त्याचा तेवढा आकडा पुसायचा; बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. मात्र इथे एक गणित विसरता कामा नये. साठ सभासदांचे साठ वेगळे चार-अंकी आकडे असतील, तर दहा हजारांतले साठ आकडे दार उघडतात. म्हणजे डोळे मिटून आकडे दाबणाऱ्यालाही सरासरी १६७ प्रयत्नांत एक संधी. आकडा सहा अंकी केला, की हेच प्रमाण सोळा हजारांत एकाहून कमी होते. शिवाय काही चुकीच्या प्रयत्नांनंतर पट्टी थोडा वेळ बंद राहील अशी सोय करावी. मॅनहाइमच्या ज्या संस्थेचा उल्लेख वर केला, तिथल्या दाराच्या अंकपट्टीची प्रणाली सभासदांनीच लिहिली आणि ती कोणालाही वाचता येईल अशी उघडी ठेवली. कुलपाची रचना सांगून टाकली तर चोराचे फावेल असे आपल्याला वाटते. पण रचना उघड झाल्यावरही जे टिकते तेच कुलूप खरे. गुप्त फक्त किल्ली असावी.

कार्ड आणि त्याची कहाणी

तिसरा उपाय म्हणजे कार्ड किंवा किल्लीच्या जुडग्यात अडकवायचा छोटा बिल्ला. दाराजवळ धरला की आतली चिप वाचकयंत्राशी बोलते. आपण कचेरीत रोज हेच करतो, त्यामुळे कार्ड म्हणजे सुरक्षित असा एक समज होऊन बसला आहे. प्रत्यक्षात कार्डाकार्डांत फार फरक असतो. सर्वांत स्वस्त जातीची कार्डे विचारले की आपला क्रमांक मोठ्याने सांगून मोकळी होतात. तो ऐकून दुसरे कार्ड बनवायला एक स्वस्त उपकरण पुरते.

त्याच्या वरच्या इयत्तेत ‘मायफेअर क्लासिक’ हे कार्ड होते. लंडनचे ऑयस्टर कार्ड आणि नेदरलँड्समधले प्रवासाचे कार्ड त्यावर चालत असे. त्याची सांकेतिक पद्धत कंपनीने गुप्त ठेवली होती आणि किल्ली होती केवळ ४८ बिटांची. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनला भरलेल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या वार्षिक मेळाव्यात कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोत्झ यांनी ती चिप सूक्ष्मदर्शकाखाली थर खरवडून कशी वाचली, ते दाखवले. पाठोपाठ नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ती पद्धत पुरती उलगडली. त्यांचा निबंध प्रसिद्ध होऊ नये म्हणून चिप बनवणारी कंपनी न्यायालयात गेली. जुलै २००८ मध्ये आर्नहेमच्या न्यायालयाने बंदी घालायला नकार दिला. दोष संशोधकांनी निर्माण केलेला नाही, तो चिपमध्ये आधीपासूनच होता, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. आज नव्याने कार्ड घेणाऱ्याने जगजाहीर आणि कसोटीला उतरलेली एईएस ही पद्धत वापरणारे कार्ड मागावे. किमतीत फार फरक पडत नाही.

ही कहाणी वाचताना मला नेहमी रायगडावरची हिरकणी आठवते. आख्यायिका आपल्या सर्वांना पाठ आहे. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही, आणि घरी तान्हे बाळ असलेली ती गवळण ज्या कड्यावरून कोणी उतरू शकत नाही असे सर्वांना वाटत होते, तो कडा अंधारात उतरून गेली. आपण ही गोष्ट मातृप्रेमाची म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण गडाच्या बंदोबस्ताच्या दृष्टीने पाहिले, तर हिरकणीने तटबंदीतला दोष दाखवून दिला. गोष्टीतल्या महाराजांनी काय केले? त्यांनी तिला शिक्षा केली नाही, तिचा सत्कार केला. आणि सत्कार करून थांबले नाहीत, त्या जागी बुरूजही बांधला. या दोन्ही गोष्टी एकत्र करणे फार थोड्या संस्थांना जमते. दोष दाखवणाऱ्यावर वकील सोडायचा आणि कडा तसाच उघडा ठेवायचा, हीच रीत जास्त दिसते.

आमच्या कार्यशाळेत म्हणून एक नियम आहे. दार, खिडकी किंवा प्रणाली यांत कोणाला फट सापडली आणि त्याने ती आपण होऊन सांगितली, तर त्याला जाब विचारायचा नाही. आभार मानायचे आणि फट बुजवायची. एका शाळकरी मुलाने मागच्या अंगणाची खिडकी बाहेरून नुसती ढकलून उघडून दाखवली होती. आम्ही सगळे कार्डांची चर्चा करत होतो आणि खिडकीला साधी पकडही नव्हती! चोर पुष्कळदा संगणक घेऊन येत नाही, जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो. तो खिडकीत किंवा दारात घालून उचकटतो. म्हणूनच इथले पोलीस निदान आरसी-२ दर्जाच्या दार-खिडक्या घ्यायला सांगतात; साध्या हत्यारांपुढे त्या सुमारे तीन मिनिटे टिकतात. तीन मिनिटे म्हणजे फार नव्हेत, पण आवाज करत तीन मिनिटे उभे राहायला बऱ्याच चोरांची तयारी नसते. घरफोडीच्या नोंदींत गेल्या काही वर्षांत चाळीस टक्क्यांहून अधिक प्रकरणे फसलेल्या प्रयत्नांची आहेत.

आत येण्याइतकेच बाहेर पडणे

आता दाराच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. जिथे करवतीचा भुसा आहे, झाळण्याची उपकरणे आहेत, रंग आणि पातळ द्रव आहेत, तिथे आतल्या माणसाला कोणत्याही क्षणी किल्ली, कार्ड वा वीज यांशिवाय बाहेर पडता आले पाहिजे. आतून किल्ली फिरवून दार बंद करायची आपली जुनी सवय इथे घातक ठरते. यासाठी ‘पॅनिक’ जातीचे कुलूप मिळते. दार लागले की त्याचा बोल्ट आपोआप पुढे सरकतो, म्हणजे बाहेरून ते पुरते बंद होते. आतून मात्र मूठ खाली दाबली की लॅच आणि बोल्ट दोन्ही मागे येतात.

याचा दुसरा फायदा विम्याचा. नुसते ओढलेले दार आणि किल्लीने बंद केलेले दार यांत विमा कंपन्या फरक करतात. लॅच हा प्लास्टिकच्या पट्टीनेही सरकवता येतो आणि दार फोडल्याची खूण उरत नाही. मग चोरी झाली हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. इमारतींच्या मुख्य दारावर असते तसले गुंई आवाज करून उघडणारे विजेचे यंत्र फक्त लॅच मोकळा करते, म्हणून एकटे पुरत नाही.

वीज गेली तर काय, हा प्रश्न खरेदीआधी विचारायचा. काही कुलपे वीज गेली की उघडी पडतात, काही बंदच राहतात. बाहेरून बंद आणि आतून उघडे, ही जोडी हवी. सभासदांची यादीही दाराजवळच्या यंत्रात असावी, दूरच्या संगणकावर अवलंबून नसावी. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सगळी सेवा काही तास बंद पडली. तेव्हा कर्मचाऱ्यांची कार्डेही दारांवर चालेनात आणि दुरुस्तीला आलेल्यांनाच आत जायला अडचण झाली, अशी वृत्ते होती. त्यामुळे एक साधी लोखंडी किल्ली कुठेतरी असावीच लागते. आमच्याकडे अशा तीन आहेत आणि तिन्ही कोणाकडे आहेत हे लिहून ठेवलेले आहे.

आत कोण आहे हे कळणे हाही सुरक्षेचा भाग आहे. लुडविग्सहाफेनच्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. आज शहराचाच भाग असलेल्या ओप्पाउमध्ये २१ सप्टेंबर १९२१ रोजी खताच्या साठ्याचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे गेली. अशा वेळी बचावासाठी धावून आलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, आत किती जण आहेत? खाणीत उतरणारा कामगार वर पितळी बिल्ला अडकवून जात असे, तो यासाठीच. आम्हीही दाराजवळ लाकडी पाटी लावली आहे. आत येताना आपल्या नावाची चकती उलटायची, जाताना सुलटी करायची. ना वीज, ना संगणक.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. दाराचे कार्ड आणि यंत्राची परवानगी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ज्याला आत येता येते त्याला गोल करवत चालवता येतेच असे नाही. धोक्याच्या यंत्रांना स्वतंत्र किल्ली असावी आणि शिकवणी घेतल्यावर सही करूनच ती मिळावी. असे केले की दार अधिक मोकळेपणाने उघडता येते, कारण प्रत्येक नव्या सभासदाबरोबर बोटे तुटण्याची भीती आत येत नाही.

नोंदवही कोणी वाचायची?

विजेवर चालणारे कुलूप आपोआप नोंद ठेवते, कोणत्या कार्डाने किती वाजता दार उघडले याची. सोय म्हणून ही चांगली वाटते. पण माणूस कधी येतो, रात्री किती वाजता येतो, किती दिवस आला नाही, ही त्याची खासगी माहिती आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय माहिती-संरक्षण कायद्यानुसार ती कशासाठी गोळा करतो हे आधी सांगावे लागते आणि कारण संपले की पुसावी लागते. आमच्याकडे नोंद सात दिवसांनी आपोआप पुसली जाते. तोवर ती पाहायची असेल, तर कार्यकारिणीतल्या दोघांनी एकत्र बसून पाहायची आणि का पाहिली ते लिहायचे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, तसेच हे.

हा नियम कागदावर सोपा वाटतो. त्याची परीक्षा झाली ती एका हिवाळ्यात. बॅटरीवर चालणारे एक चांगले ड्रिल नाहीसे झाले. ते कुलपाच्या कपाटात नव्हते, बाकावर असायचे. दोघांनी नोंद पाहिली. त्या रात्री दार उघडणारे शेवटचे कार्ड होते मॅनहाइमला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे. मुलगा मराठवाड्यातला, सभासद होऊन दोन महिने झालेला. नोंद पाहणाऱ्यांपैकी एक मी होतो. पाहिलेले बाहेर बोलायचे नाही असे ठरलेले असूनही दुसऱ्या दिवशी ते सर्वांना कळले होते, आणि बैठकीत एका जुन्या सभासदाने सरळ मागणी केली, की त्याचे कार्ड बंद करा, बाकीचे मग पाहू.

मी तेव्हा जे सांगितले ते इथे सांगतो, कारण यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही हे त्यात आहे. नोंद सांगते, की एका कार्डाने एका वेळी दार उघडले. त्या दारातून किती माणसे आत आली ते ती सांगत नाही. मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवणे हा तर इथला शिष्टाचार आहे. कोण केव्हा बाहेर गेले हे ती सांगत नाही. दुपारीच कोणी ड्रिल पिशवीत घातले असेल, तर तेही सांगत नाही. शेवटचे कार्ड म्हणजे शेवटचा माणूस नव्हे, आणि शेवटचा माणूस म्हणजे चोर नव्हे. कार्ड बंद करायला एक क्षण लागतो, हे आमच्या व्यवस्थेचे बलस्थान आहे. म्हणूनच ते कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या कारणाने बंद होईल, हे आधी लिहिलेले असले पाहिजे. आमच्या नियमांत तीनच कारणे आहेत : सभासदत्व संपणे, कार्ड हरवणे, आणि संबंधिताचे म्हणणे ऐकून कार्यकारिणीने घेतलेला लेखी निर्णय. संशय हे कारण त्यांत नाही.

चर्चा बरीच लांबली. शेवटी कार्ड चालू राहिले. ड्रिल अखेरपर्यंत मिळाले नाही. नवे आणले आणि कपाटाला कुलूप आले. तो मुलगा पुढचे दोन महिने आलाच नाही. मग एका शनिवारी दुरुस्तीच्या दिवशी आला, एका आजींचा रेडिओ उघडून बसला, आणि नंतर नियमित येऊ लागला. त्या दोन महिन्यांचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत नाही.

मंडळांसाठी काही गोष्टी

हे सारे आपल्या मंडळांनाही लागू आहे. गणपतीची मखर, सतरंज्या, ध्वनिक्षेपक, मोठी पातेली, नाटकाचे पडदे हे सामान कोणाच्या तरी तळघरात किंवा भाड्याच्या खोलीत असतेच. तिथे संगणक किंवा कार्ड नको. एक वही पुरे. अनुभवातून काही गोष्टी सुचवतो.

एक. किल्ली देताना तारीख, किल्लीचा क्रमांक आणि सही घ्यावी. जवळच्या मित्राचीही घ्यावी. सर्वांचीच घेतली की कोणाला राग येत नाही.

दोन. कार्यकारिणी बदलली की त्याच सभेत, सर्वांसमोर, किल्ल्या परत याव्यात आणि नव्यांना जाव्यात. नंतर घरी जाऊन मागणे दोघांनाही अवघड जाते.

तीन. किल्ली हरवली तर सांगणाऱ्याला दंड करू नये. दंडाच्या भीतीने माणूस गप्प बसतो आणि हरवलेली किल्ली न कळता फिरत राहते. सिलिंडर बदलायचा खर्च वर्गणीतून आधीच बाजूला ठेवावा.

चार. वर्षातून एकदा सगळ्या किल्ल्या एका टेबलावर मांडून मोजाव्यात. आकडा जुळला नाही, तर सिलिंडर बदलून मोकळे व्हावे. कोणाकडे बोट दाखवायची गरज राहत नाही.

पाच. विमा कोणत्या अटींवर आहे ते एकाने तरी वाचलेले असावे. बिनपगारी पदाधिकाऱ्यांना जर्मन कायदा २००९ पासून बरेच संरक्षण देतो, पण ढोबळ हलगर्जीपणाला ते मिळत नाही.

सहा. नव्या माणसाला किल्ली केव्हा मिळेल हे लिहून ठेवावे. आमच्याकडे तीन महिने आणि एका सभासदाची शिफारस. ही मुदत सर्वांना सारखी आहे, मग तो पिढ्यान्‌पिढ्या फाल्झमध्ये राहणारा असो की मागच्या महिन्यात विमानातून उतरलेला.

या देशात आपण आलो तेव्हा कोणीतरी आपल्याला पहिली किल्ली दिली होती. घरमालकिणीने, कचेरीतल्या सहकाऱ्याने किंवा एखाद्या मंडळाने. देणाऱ्याला आपली फारशी माहिती नव्हती. तरीही ती देता आली, कारण चुकले तर काय करायचे याची त्याच्याजवळ काही सोय होती. तशी सोय आपणही करून ठेवली, तर किल्ली देताना हात आखडता घ्यावा लागणार नाही.

असो. येत्या बैठकीत चहा झाल्यावर एक प्रश्न विचारून पाहा. आपल्या सामानाच्या खोलीच्या किल्ल्या एकूण किती आहेत, आणि त्या आज नेमक्या कोणाकडे आहेत?